गरोदरपणात पोटात काही घुसलं तर (शिंग, सुरी, सळई, गोळी): पहिला तास

गुळवेल

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, 'गरोदर स्त्रीला जनावराने शिंग मारल्यास घरगुती उपाय'. जखमेत हळद दाबून भरा, पोट लुगड्याने करकचून बांधा आणि तिला उताणी सपाट झोपवून अजिबात न हलवता दवाखान्यात न्या. खाली नमस्काराच्या हातांची रांग. तीनही सल्ले चुकीचे आहेत आणि तिसरा तर जीवच घेऊ शकतो. मी सर्जन आहे, मराठवाड्यात सरकारी कॉलेजात शिकले, आता तालुक्याच्या गावी असते, अशा बायका फार नाही पण बघितल्यात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जिच्यावर खाली वाद होणार हे मला माहितीय. अशा वेळी आधी आई. बाळाला विसरायचं असं नाही, पण पोटातल्या बाळाला वाचवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आईचं रक्त आणि आईचा श्वास टिकवणं. ती शॉकमध्ये गेली, म्हणजे रक्त कमी पडून शरीर कोलमडायला लागलं, की बाळाला काहीही करून फायदा नसतो.

आता पोटाच्या आतलं थोडं. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपिशवी कमरेच्या हाडांच्या आत दडलेली असते, विसाव्याला ती बेंबीपर्यंत येते आणि छत्तिसाव्याच्या आसपास बरगड्यांना टेकते. त्यामुळे 'पोटात सुरी लागली' एवढ्यावरून काही कळत नाही, कितवा महिना आणि पोटात कुठे, हे दोन्ही लागतं. आठव्या महिन्यात बेंबीखाली काही घुसलं तर समोर आधी पिशवीच येते, आतडी तोवर वर आणि मागे सरकलेली असतात, म्हणून अशा जखमेत आईच्या आतड्यांना, यकृताला मार कमी लागतो आणि आई वाचायची शक्यता बरी असते. किंमत बाळ मोजतं. अशा घुसलेल्या जखमांमध्ये बाळ दगावण्याचं प्रमाण पुस्तकांत साधारण ४० ते ७० टक्के दिलेलं असतं, गोळी असेल तर वरच्या टोकाला. उलट त्याच बाईला बेंबीच्या वर सुरी लागली तर तिथे सगळी आतडी दाटीवाटीने कोंबलेली असतात, एकाच वाराने चारपाच ठिकाणी भोकं पडू शकतात. बाहेरून जखम बोटाएवढी, आत सगळा गोंधळ.

दुसरं म्हणजे रक्त. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. ऐकायला छान वाटतं पण इथे तेच फसवतं, दीड लिटरपर्यंत रक्त गेलं तरी बीपी ठीकठाक दिसू शकतं कारण शरीर पिशवीकडे जाणारा पुरवठा कमी करून आईचं बीपी सांभाळत असतं. म्हणजे मशीनवर ११०/७० दिसतंय, सगळे हुश्श म्हणतायत आणि आत बाळ गुदमरतंय. पल्स तशीही गरोदरपणात मिनिटाला दहापंधराने जास्त असते त्यामुळे तिच्यावरूनही अंदाज चुकतो. आणि पोट आधीच ताणलेलं असल्याने आत रक्त किंवा आतड्यातली घाण सांडली तरी ते एरवीसारखं कडक लागेलच असं नाही. थोडक्यात, ती शांत पडलीय आणि बीपी चांगलंय म्हणून घरी पाठवणं हा प्रकार होता कामा नये.

घरच्यांनी करायचं ते असं. १०८ ला फोन, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात 'गरोदर आहे, इतके महिने, पोटात अमुक घुसलंय'. घुसलेली वस्तू आत असेल तर ओढायची नाही, काहीही झालं तरी नाही, तीच कदाचित फुटलेल्या रक्तवाहिनीला दाबून बसलेली असते. भोवती स्वच्छ कपड्याच्या गुंडाळ्या लावून ती हलणार नाही असं बघायचं. आतडी बाहेर आली असतील तर आत ढकलायची नाहीत, धुवायची नाहीत, स्वच्छ कपडा उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवून त्यावर झाकायचा, वरून स्वच्छ प्लास्टिक, म्हणजे सुकत नाहीत. जखमेतून रक्त वाहत असेल तर हाताने दाबून धरायचं, पण अख्खं पोट आवळून बांधायचं नाही. तोंडाने पाणी, चहा, ग्लुकोज काही नाही, ती कितीही मागो. आणि पाच महिने उलटून गेले असतील तर उताणी झोपवायचं नाही, डाव्या कुशीवर, किंवा उजव्या कुल्ल्याखाली घोंगडी सारून डावीकडे कलती. उताणी झोपली की पिशवीचं सगळं वजन पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि बीपी ढासळतं. निरोगी बाईलासुद्धा शेवटच्या महिन्यांत उताणं झोपल्यावर गरगरतं, इथे तर तिचं रक्त चाललेलं असतं.

बाकी दवाखान्यात काय होतं ते विचाराल तसं लिहीन.

माळरान

जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली. एक शंका, सळई लांबलचक असेल, म्हणजे बांधकामावरची उभी सळई वगैरे, आणि बाई तिच्यावर पडली तर? ओढायची नाही हे कळलं पण मग तिला उचलायचं कसं, अख्खा कॉलम तर नेता येणार नाही.

एकशेआठ

मी देतो उत्तर, काही वर्षं १०८ च्या गाडीवर होतो (नावावरून कळलंच असेल). सळई कापायची, ओढायची नाही. फायर ब्रिगेड किंवा साइटवरचा कटरवाला. पोटाबाहेर थोडी लांबी ठेवून, आणि कापताना पोटाच्या बाजूचा भाग एकाने दोन्ही हातांनी घट्ट धरायचा कारण कटरची थरथर थेट आत जाते, शिवाय सळई तापते म्हणून ओला कपडा. घाईत झटका बसला तर सगळं मुसळ केरात.

आणि गुळवेलताईंनी लिहिलेल्या डाव्या कुशीबद्दल, गाडीत हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. स्ट्रेचरवर पेशंट आली की सवयीने उताणी, पट्टे आवळले, निघालो. १५ ते ३० अंश कलती ठेवायची, ब्लँकेटची गुंडाळी उजव्या बाजूला बास होते. पडून मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर नुसतं अंग वळवायचं नाही, तिला बोर्डवर बांधून अख्खा बोर्डच डावीकडे कलता करायचा. तेही जमत नसेल तर एकाने हाताने पिशवी डावीकडे ढकलून धरायची, हे अगदी साधं आहे, कुणालाही दाखवता येतं. सलाईनच्या सुया हाताला, पायाला नाही, कारण पायाकडून येणारं रक्त त्याच दबलेल्या शिरेतून येणार. दोन जाड सुया, ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन ९५ च्या वर.

सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ अॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, बाकी बेसिक. अशा केसला अॅडव्हान्स मिळाली तर उत्तम पण तिची वाट बघत बसण्यापेक्षा आलेली गाडी घ्या आणि निघा. खरा प्रश्न गाडीचा नसतोच, कुठे न्यायचं हा असतो. पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, प्रत्येक ठिकाणी एक सलाईन आणि एक चिठ्ठी. तिला लागतात चार गोष्टी: सर्जन, गायनॅक, भूलतज्ज्ञ आणि रक्त. जिथे या चारही आहेत तिथेच जायचं, वाटेत थांबायचं फक्त श्वास किंवा रक्तस्राव हाताबाहेर जात असेल तर. आणि निघतानाच तिथे फोन करायचा, म्हणजे पोचेपर्यंत ऑपरेशन थिएटर (ओटी) तयार.

हुरडा

आमच्याकडे घडलंय म्हणून लिहितेय. चुलत जावेला सातव्या महिन्यात गोठ्यात बैलाने मारलं, वैरण टाकायला गेली होती. जखम इवलीशी होती, रक्त पण फार नाही. जवळच्या खाजगी डॉक्टरांनी तीन टाके घातले, टीटी दिलं, गोळ्या दिल्या, घरी. बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाले चांगलेत, चिंता नको. दुसऱ्या दिवशी रात्री पोट फुगलं, ताप, उलट्या. मग शहरात मोठं ऑपरेशन, आतड्याला दोन भोकं निघाली. ती वाचली, बाळ आठव्या महिन्यात आलं, काचेत ठेवलं, आता बालवाडीत जातंय. पण मला अजून कळत नाही की वरून एवढं साधं दिसत असताना आत एवढं कसं?

गुळवेल

हुरडा, दोघंही आहेत हे वाचून बरं वाटलं.

शिंगाची जखम हा वेगळाच प्रकार असतो. सुरी सरळ आत जाते आणि त्याच वाटेने बाहेर येते. बैल शिंग खुपसतो आणि मग मान उडवतो, त्यामुळे कातडीला भोक एक पण आत मार्ग दोनतीन दिशांना गेलेले असतात, कधी वर छातीच्या पडद्यापर्यंत. शिवाय शिंगावर शेण, माती, केस, ते सगळं आत. म्हणून वरची कातडी शिवून टाकणं म्हणजे घाण आत कोंडणं. अशी जखम ओटीत नीट उघडून, तळ कुठवर गेलाय ते बघून, धुऊन, बरेचदा वरची कातडी काही दिवस मोकळीच ठेवावी लागते. अँटिबायोटिक भारी लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन गरोदरपणात बिनधास्त देता येतं, आणि जखम एवढी घाणेरडी असेल व आधीचे डोस पूर्ण नसतील तर सोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही.

आणि 'ठोके चांगलेत' याबद्दल. एकदा ऐकलेले ठोके म्हणजे त्या मिनिटाचे ठोके. २४ आठवड्यांच्या पुढे असेल तर पोटाला ठोके आणि कळा नोंदवणाऱ्या मशीनचा पट्टा लावून कमीत कमी चार तास सलग बघायचं, कळा येतायत का, ठोके मधेच खाली जातायत का. अंगावरून जात असेल, पोट दुखत असेल, कळा असतील तर २४ तास. वार (प्लॅसेंटा) पिशवीपासून सुटायला लागली असेल तर ते पहिल्या काही तासांत या मशीनच्या पट्टीवर कळतं, सोनोग्राफीत बरेचदा दिसतच नाही.

तळ्यात_मळ्यात

ओके पण सीटी स्कॅनचं काय? माझ्या मैत्रिणीच्या वेळेला (सुरी नव्हती, काच घुसली होती, पाचवा महिना) नवरा आणि सासू दोघांनी सीटीला सही द्यायला नकार दिला की बाळाला रेडिएशन लागेल म्हणून. डॉक्टर पण जरा चाचरतच बोलत होते. शेवटी सोनोग्राफीवरच भागवलं, सुदैवाने निभावलं. पण खरं काय?

गुळवेल

खरं हे की गरज असेल तर सीटी करायचा. पोटाच्या एका सीटीत बाळाला साधारण २५ मिलिग्रेच्या (रेडिएशन मोजायचं माप) आसपास डोस जातो, मशीन आणि पद्धतीप्रमाणे कमीजास्त. ५० मिलिग्रेच्या खाली बाळात व्यंग किंवा गर्भपाताचा धोका वाढलेला दिसत नाही. छातीच्या एक्सरेचा डोस तर त्यापुढे नगण्य, तरीही एक्सरेसाठी रडारड होते. म्हणजे रोज उठून सीटी काढा असं नाही, पण आत काय फुटलंय ते न कळल्याने आई गेली तर त्या रेडिएशनपासून वाचवलेल्या बाळाचं काय करायचं?

बेडजवळची झटपट सोनोग्राफी, आम्ही फास्ट म्हणतो, ती सगळ्यात आधी करतात, पोटात रक्त साचलंय का आणि बाळाचे ठोके आहेत का एवढं दोन मिनिटांत कळतं. रक्त दिसलं आणि बाई ढासळत असेल तर सीटीच्या वाटेलाही जायचं नाही, सरळ ओटी. पण फास्टमध्ये काही दिसलं नाही म्हणजे आत काही नाही असं मात्र होत नाही, फाटलेलं आतडं त्यात सहसा दिसत नाही. हुरडाच्या जावेसारखं.

झोपाळू

भूलवाली हजर. दिवसभर ओटीत आहे त्यामुळे तुटक लिहिते.

१. पोट रिकामं आहे असं गरोदर बाईबद्दल कधीच धरायचं नाही. जठर सावकाश रिकामं होतं, वरची झडप सैल असते, भूल देताना उलटी फुप्फुसात जायची भीती. म्हणून ते पाणी पाजू नका.

२. रक्ताचे रिपोर्ट वाचताना गरोदरपणाचे आकडे डोक्यात हवेत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवी ४० चांगला, हिच्यात ३० च्या आसपास असायला हवा, ४० दिसला तर ती दमत चाललीय. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) शेवटच्या महिन्यांत ४०० च्या वर असतं, रिपोर्टवर २०० आलं की छापील रेंजमध्ये बसतं म्हणून कुणी लक्ष देत नाही, प्रत्यक्षात रक्त गोठायची यंत्रणा कोलमडायला लागलेली असते. पांढऱ्या पेशी १५ हजार हे मात्र नॉर्मल असू शकतं, त्यावर उगाच पळापळ नको.

३. छातीत नळी टाकायची वेळ आली तर नेहमीपेक्षा एकदोन फासळ्या वर. छाती आणि पोटामधला पडदा चारेक सेंटिमीटर वर सरकलेला असतो. नेहमीच्या जागी टाकली तर नळी यकृतात.

४. ट्रॅनेक्झामिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅम, इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत, गरोदर आहे म्हणून अडवून ठेवायचं कारण नाही.

गुळवेल, आरएच निगेटिव्हचं लिहा ना, ते नेहमी राहून जातं.

रिकामटेकडा

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, एवढं सगळं करण्यापेक्षा सातवा आठवा महिना असेल तर सरळ सिझर करून बाळ बाहेर काढलं तर दोघंही सुटतील ना? पोट तर उघडतायच. आई आधी आई आधी काय लावलंय, बाळाचा पण जीवच आहे.

गुळवेल

आला वाद, वाट बघतच होते :)

पोट उघडलं म्हणजे पिशवी उघडायची असं नसतं. आतड्याची भोकं शिवायची, रक्तस्राव थांबवायचा, पिशवीला हात न लावता पोट बंद करायचं आणि गरोदरपण पुढे चालू, असं होतं आणि बऱ्यापैकी वेळा होतं. पिशवी उघडली की रक्त भरपूर जातं, आधीच गेलेल्या रक्तात भर. सिझर कधी? बाळ जगण्याजोगं आहे आणि त्याचे ठोके बिघडलेत, किंवा पिशवीच अशी फाटलीय की शिवणं जमत नाही, किंवा पिशवीच्या मागची जखम तिच्यामुळे दिसतच नाही आणि आईचा जीव जातोय. आणि बाळ पोटातच गेलं असेल तर उलट सिझर टाळायचं, आई स्थिर झाली की कळा आणून खालून मोकळी करता येते, ऐकायला क्रूर वाटतं पण तिच्या तब्येतीला तेच बरं.

'जगण्याजोगं' कधी हे तिथल्या काचेच्या पेटीवर, म्हणजे नवजात बाळांच्या सोयींवर ठरतं. मोठ्या शहरातल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) २४-२५ आठवड्यांची बाळं लढवतात, जिल्ह्याच्या ठिकाणी २८ च्या आधीचं धाडस कमीच. २४ ते ३४ आठवडे असतील आणि बाळ लवकर येईल असं वाटत असेल तर फुप्फुसं पिकायला डेक्सामेथासोन देतात, १२ तासांनी एक अशी चार इंजेक्शनं, पण त्यासाठी ऑपरेशन थांबवायचं नाही.

एका वेळी मात्र क्षणाचाही विचार न करता बाळ काढायचं, आईचं हृदय थांबलं तर. पिशवी बेंबीपर्यंत किंवा वर असेल, छातीवर दाब देणं चालू आहे, चार मिनिटांत हृदय परत सुरू होत नाही, तर आहे त्या जागी, कॅज्युअल्टीत, पिशवी उघडून पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर. ओटीत न्यायचं नाही, सही नाही, ठोके बघत बसायचं नाही. हा चार मिनिटांचा नियम १९८६ साली अमेरिकेत कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडला, आता तर म्हणतात की चार मिनिटं वाट बघू नका, हृदय थांबलेलं दिसताच तयारी सुरू करा. आणि रिकामटेकडा, गंमत बघा, हेसुद्धा मुख्यतः आईसाठीच करतात. पिशवी रिकामी झाली की मोठ्या शिरेवरचा दाब जातो, रक्त हृदयाकडे परततं, दाब देण्याला अर्थ येतो. दाब देत असताना तिला उताणीच ठेवायचं बरं का, कलती नाही, एकाने पिशवी हाताने डावीकडे धरायची.

झोपाळू, आरएच: आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि पोटाला मार लागला असेल, तर बाळाचं रक्त आईत मिसळलं असं धरूनच ७२ तासांच्या आत अँटी-डी द्यायचं, ३०० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे साधारण शंभरात पाच जणी निगेटिव्ह. हे इंजेक्शन चुकलं तर या बाळाला नाही, पुढच्याला भोगावं लागतं, म्हणून गडबडीत कुणाला आठवत नाही. मोठी जखम असेल तर किती रक्त मिसळलं त्याची वेगळी टेस्ट आहे, त्यावर डोस वाढवतात. आणि गट माहीतच नसताना रक्त चढवायची वेळ आली तर ओ निगेटिव्ह.

बालाघाट

गटावरून आठवलं. मी बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांसोबत काम करतो. दिवाळीच्या आसपास कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती मार्चएप्रिलला परत. बायका सातव्या आठव्या महिन्यातसुद्धा फडात असतात, मोळ्या उचलतात, कारण उचल (आगाऊ घेतलेले पैसे) नवराबायकोच्या जोडीच्या नावावर असते, एक बसली की कोयता, म्हणजे ती जोडी, अर्धा. फडात ऊस तुटल्यावर जे तिरके बुडखे राहतात ते भाल्यासारखे असतात, मोळी घेऊन पाय घसरला की पोट थेट त्याच्यावर. जनावरं तर कोप्याशेजारीच (राहायच्या झोपडीशेजारीच) बांधलेली.

तर माझं म्हणणं, तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडे ट्रंकेत असतं. इथल्या डॉक्टरला महिने माहीत नाहीत, रक्तगट माहीत नाही, आधीचं सिझर आहे की नाही माहीत नाही. आम्ही आता निघायच्या आधी प्रत्येक पोटुशी बाईच्या कार्डाचा फोटो नवऱ्याच्या, मुकादमाच्या आणि टोळीतल्या अजून एकाच्या फोनमध्ये टाकतो. फुकट काम आहे, कुणीही करू शकतं.

एकशेआठ

@बालाघाट, सलाम. त्या फोटोने आमचा किती वेळ वाचतो काय सांगू. कार्ड नसेल तर पिशवी बेंबीच्या वर आहे की खाली हे हाताने बघून आम्ही काम चालवतो, वर असेल तर पाच महिने उलटले असं धरायचं.

डचकाकू

थोडं अवांतर, चालेल ना? मी नेदरलँड्समध्ये राहते, आमच्याजवळ झानदाम म्हणून गाव आहे. तिथल्या चर्चला लोक बैलाचं चर्च म्हणतात. १६४७ साली तिथे शेतकऱ्याच्या अंगावर त्याचाच बैल धावून गेला, दिवस भरलेली बायको मधे पडली, बैलाने तिला शिंगावर उडवली आणि पोट फाटून बाळ बाहेर पडलं. नवराबायको दोघंही गेले. बाळ मात्र जगलं, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत. त्या प्रसंगाचं चित्र चर्चमध्ये होतं म्हणून ते नाव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दंतकथा असेल.

गुळवेल

डचकाकू, अवांतर कसलं, याच विषयातलं आहे. याला जोडून एक सांगते. १८८७ साली अमेरिकेत रॉबर्ट हॅरिस नावाच्या डॉक्टरने जनावरांच्या शिंगांनी पोट आणि पिशवी फाटलेल्या गरोदर बायकांच्या नोंदी गोळा केल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वाचलेल्या निघाल्या. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये सर्जनांनी केलेल्या सिझरमधल्या जवळजवळ सगळ्या मरत होत्या! म्हणजे बैलाचा निकाल डॉक्टरपेक्षा चांगला. कारण साधं आहे, डॉक्टर दोनदोन दिवस अडलेल्या, जंतू शिरलेल्या, थकून गेलेल्या बाईला शेवटचा उपाय म्हणून कापायचे, बैलाने मारलेली बाई त्या क्षणापर्यंत ठणठणीत असायची. आपल्या बायकांचं तेच, बहुतेक तरुण आणि तब्येतीने चांगल्या असतात, वेळेत पोचल्या तर वाचतात.

निवांत_वकील

दोन ओळी कायद्याच्या. सुरी, गोळी म्हटलं की काही खाजगी दवाखाने 'पोलीस केस आहे, आधी चौकीत जा' म्हणतात. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. पोलिसांना कळवायचं काम दवाखान्याचं, त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत.

नातेवाईकांना विनंती, रक्ताचे कपडे धुऊ नका, फेकू नका. कापायचे असतील तर सुरीच्या किंवा गोळीच्या भोकातून कात्री चालवू नका, बाजूने कापा आणि कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये कुजतात.

अनाम_सदस्य

वेगळ्या आयडीने लिहितेय. कॅज्युअल्टीत नर्स आहे. विळीवर पडली, बैलाने मारलं, असं सांगत आणतात आणि जखम बघून कळतं की हे विळीचं नाही. हातावर पण कापलेलं असतं, अडवताना लागतं ना तसं. सोबत नवरा, सासू, ती मान खाली घालून हो हो म्हणते. अशा वेळी काय करायचं कुणी शिकवतच नाही.

गुळवेल

अनाम, लिहिलंत ते फार बरं केलं. गरोदरपणात सुरीच्या जखमांमागे घरातलंच माणूस असणं हे जगभर दिसतं. आमच्याकडे आम्ही एकच करतो, पट्टा लावायचाय, तपासायचंय म्हणून सगळ्या नातेवाईकांना बाहेर काढतो आणि मग एकटीला विचारतो. एकदा नाही म्हणाली तर पट्टी बदलताना परत. जबरदस्ती नाही, पण तिने सांगितलं तर तिच्या शब्दांत लिहून ठेवायचं, जखमांचं चित्र काढायचं, ती हाताची सुद्धा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जिल्ह्याला छळ झालेल्या बायकांच्या मदतीसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे, मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात २००० सालापासून त्याच कामाचं दिलासा केंद्र आहे, नंतर इतर हॉस्पिटलांतही सुरू झाली. आणि डिस्चार्ज देताना ती कुठे परत जातेय हे विचारल्याशिवाय कागद हातात द्यायचा नाही.

माळरान

+१ अनाम ताईंना. प्रिंट काढून आमच्या ग्रामपंचायतीत लावतोय, चालेल ना? तो डाव्या कुशीचा भाग मोठ्या अक्षरात.

गुळवेल

लावा की. 'ओढू नका' पण मोठ्या अक्षरात.

हुरडा

शेवटचा प्रश्न विचारते, जावेला परत दिवस गेलेत, तिसरा चालू आहे. त्या वेळी पिशवीला पण थोडं लागलं होतं आणि शिवली होती असं तिच्या कागदावर आहे, बाळ मात्र खालूनच झालं होतं. या वेळी पण नॉर्मल होईल ना? सासूबाई म्हणतात एकदा झालं तर परत होणारच.

गुळवेल

नुसतं पोट उघडून आतडी शिवली असती तर मी हो म्हटलं असतं, पोटाच्या कातडीवरचा व्रण बाळंतपणाला आड येत नाही. पण पिशवी शिवलेली असेल तर तो व्रण कुठे आहे, वरच्या जाड भागात की खाली, आणि आरपार होता की वरवरचा, यावर सगळं अवलंबून. वरच्या भागातला आरपार व्रण कळांमध्ये फाटू शकतो, अशा वेळी कळा सुरू व्हायच्या आधीच ठरवून सिझर करतात. मागच्या वेळी खालून झालं याचा अर्थ या वेळी धोका नाही असा होत नाही. ऑपरेशनची सविस्तर नोंद असते, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, ती त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून आत्ताच मागवा आणि गायनॅककडे न्या. वार त्या व्रणावर चिकटलीय का हे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुद्दाम बघायला सांगा. नाव मोठ्या हॉस्पिटलात आत्ताच घाला, आठव्या महिन्यात मुक्कामही त्याच्या जवळपास हलवा, आणि पोटात अचानक काही फाटल्यासारखं दुखलं किंवा अंगावरून गेलं तर सासूबाईंना विचारत बसू नका, १०८.

आणि गोठ्यात या वेळी दुसऱ्या कुणालातरी पाठवा.